राऊटर लावायला फोन पुरे

फायबरची जोडणी द्यायला येणारा माणूस घाईत असतो. भिंतीला भोक पाडून वायर आत घेणं, पांढरा डबा खिळ्याला टांगणं, दिवे लागले की घरातल्या कुणाच्या तरी फोनवर वायफाय जोडून देणं, एवढं उरकलं की तो पुढच्या घरी. जाताना पासवर्ड सांगतो. तो बहुधा घरमालकाचाच मोबाइल नंबर असतो, नाहीतर कंपनीचं नाव आणि त्यापुढे एक-दोन-तीन-चार. राऊटरच्या आत शिरून बदल करायचा पासवर्ड मात्र वेगळा असतो. तो कोणता, हे तो सांगत नाही आणि घरातलंही कुणी विचारत नाही. पुढे कधीतरी वेग कमी वाटू लागतो, जुना डबा बिघडतो किंवा सगळ्या मजल्याला माहीत झालेला पासवर्ड बदलायचा असतो. मग पुन्हा त्याच माणसाला फोन, आणि तो येईपर्यंत वाट.

हे सगळं काम घरच्या माणसाला हातातल्या फोनवरून करता येतं. पूर्वी त्यासाठी संगणक, केबल आणि खोक्यातली सीडी लागायची. आता बाजारात मिळणारे बहुतेक राऊटर फोनवरून लावता येतील असेच बनवलेले असतात, त्यामुळे घरात लॅपटॉप नसला तरी अडत नाही. अडतं ते ठरावीक चार-पाच जागी. त्या जागा आधी माहीत असल्या तर पहिल्यांदाच करणाऱ्यालाही हे काम जमतं.

राऊटर अजून विकत घ्यायचा असेल तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. ‘एसी १२००’ म्हणजे १२०० एमबीपीएस वेग मिळेल असं नव्हे. दोन वेगवेगळ्या लहरपट्ट्यांवरच्या कमाल वेगांची ती बेरीज असते आणि एका फोनला ती कधीच मिळत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट खोक्याच्या मागे बारीक अक्षरात छापलेली असते, ती म्हणजे केबल लावायच्या पोर्टचा वेग. टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ हे दोन्ही एसी १२०० वर्गात विकले जातात; पण सी५० चे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत आणि सी६ चे गिगाबिटचे. ज्या घरात २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे तिथे सी५० लावला, तर आत येणारा वेगच नव्वदीच्या घरात अडकतो. उरलेल्या वेगाचे पैसे दर महिन्याला भरायचे आणि तो वापरायचा मात्र कधीच नाही, असं होतं. प्लॅन शंभरच्या वर असेल तर गिगाबिट पोर्ट असल्याची खात्री करूनच पैसे द्यावेत.

फायबरच्या घरात भिंतीवर आधीच एक डबा असतो. काचेच्या तंतूतून आलेला प्रकाश तो विजेच्या संकेतात बदलतो. त्याला ओएनटी म्हणतात. बऱ्याच घरांत हाच डबा वायफायही देतो, म्हणजे राऊटर त्याच्या पोटातच असतो. त्याच्यापुढे आपला राऊटर लावायचा झाला तर ओएनटीच्या लॅन पोर्टमधून केबल काढून नव्या राऊटरच्या वॅन पोर्टला जोडायची. वॅन पोर्ट बाकीच्यांपासून वेगळा ओळखू यावा म्हणून बहुधा निराळ्या रंगाचा, पुष्कळदा निळा असतो. ओएनटीला आलेली हिरव्या टोकाची बारीक वायर मात्र काढू नये, वाकवू नये आणि तिच्या टोकात डोकावूनही पाहू नये. तिच्यातून जाणारा प्रकाश अवरक्त असतो. तो दिसत नाही, म्हणून निरुपद्रवी वाटतो इतकंच.

जुनी जोडणी चालू आहे तोवरच तीन गोष्टी उरकून घ्याव्यात. पहिली, राऊटरच्या पोटाशी चिकटवलेल्या लेबलचा फोटो. त्यावर वायफायचं मूळ नाव, मूळ पासवर्ड आणि राऊटरचा पत्ता छापलेला असतो. डबा एकदा भिंतीवर चढला की ते लेबल वाचायला स्टूल आणि बॅटरी दोन्ही लागतात. दुसरी, कंपनीचं ॲप. टीपी-लिंकचं टेदर, नेटगिअरचं नाइटहॉक, असूसचं असूस राऊटर अशी प्रत्येकाची ॲप असतात. ती आधीच उतरवून ठेवावीत, कारण नेट बंद पडल्यावर नेट चालू करायचं ॲप उतरवता येत नाही. नावात किंवा चित्रात साधर्म्य असलेली भलतीच ॲप फोनवरच्या ॲप-दुकानात असतात, म्हणून खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करणं बरं.

तिसरी गोष्ट म्हणजे जोडणीचा प्रकार, आणि लोक हमखास विसरतात ती हीच. नेटवाल्याला एकच प्रश्न विचारायचा: माझी जोडणी पीपीपीओई आहे की डायनॅमिक आयपी? पीपीपीओई असेल तर त्यासाठी वेगळं यूजरनेम आणि पासवर्ड असतो. बीएसएनएलच्या फायबरवर आणि गावोगावच्या केबलवाल्यांच्या नेटवर हाच प्रकार सर्रास आढळतो. जुन्या राऊटरमध्ये ही नावं आधीच भरलेली असल्यामुळे ती आहेत हेच घरच्यांना माहीत नसतं. नवा राऊटर ती मागतो आणि काम तिथेच थांबतं. ती मागून, कागदावर लिहून ठेवावीत. डायनॅमिक आयपी असेल तर काहीच भरावं लागत नाही.

आता राऊटरला वीज द्यावी आणि दोनेक मिनिटं थांबावं. दिवे स्थिर झाले की फोनच्या वायफाय यादीत लेबलवरचं नाव दिसतं. पासवर्ड टाकून त्याला जोडायचं.

इथेच बहुतेकांची फसगत होते, आणि फसवतो तो राऊटर नव्हे, फोन. नवा राऊटर अजून इंटरनेटला जोडलेला नसतो. फोन त्याला जोडला जातो, पलीकडे नेट नाही हे ताडतो आणि गुपचूप मोबाइल डेटावर परततो. वर वायफायची खूण दिसत राहते, पण ॲप उघडलं की ‘राऊटर सापडला नाही’ असं उत्तर येतं. माणसाला वाटतं डबाच खराब निघाला. खरं तर फोनने राऊटरकडे काही विचारलेलंच नसतं. प्रश्न मोबाइल टॉवरकडे गेलेला असतो. उपाय सोपा आहे. आधी फोन विमान मोडवर टाकावा आणि त्यानंतर फक्त वायफाय चालू करावं. ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का’ असं फोनने विचारलं तर ‘हो’ म्हणावं. व्हीपीएन चालू असेल तर तेही तेवढ्यापुरतं बंद करावं.

ॲप उघडताना फोन काही परवानग्या मागतो. अँड्रॉइडमध्ये लोकेशनची किंवा जवळपासच्या उपकरणांची, आयफोनमध्ये लोकल नेटवर्कची. एरवी अशा परवानग्या नाकारणं शहाणपणाचं; इथे मात्र त्या नाकारल्या तर ॲपला शेजारी ठेवलेला राऊटरही दिसत नाही. काम झालं की लोकेशनची परवानगी सेटिंगमध्ये जाऊन काढून घेता येते.

ॲप नकोच असेल तर ब्राउझरनेही चालतं. लेबलवरचा पत्ता वरच्या पट्टीत टाकायचा. तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असतो. जिओच्या डब्यांचा १९२.१६८.२९.१, शाओमीच्या राऊटरचा १९२.१६८.३१.१. हे आकडे इथे देवनागरीत छापले आहेत, पण फोनवर ते इंग्रजी अंकांतच टाइप करावे लागतात. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर पत्ता उघडत नाही, आणि चूक कुठे झाली हे डोळ्यांना दिसतही नाही. ‘हे पान सुरक्षित नाही’ असा इशारा ब्राउझर देईल. घरातल्याच डब्याशी बोलताना तो इशारा स्वाभाविक आहे, पुढे जावं.

राऊटर आता पहिली मागणी करतो ती ॲडमिन पासवर्डची. ‘अॅडमिन-अॅडमिन’ असं काहीतरी टाकून पुढे जाण्याचा मोह इथे होतो. त्या मोहाची किंमत या देशाने पाहिली आहे. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे ब्रॉडबँड मोडेम एकाएकी बंद पडू लागले. एक घातक प्रोग्राम इंटरनेटवर फिरत होता आणि मूळ पासवर्ड न बदललेले मोडेम शोधून, आत शिरून ते निकामी करत होता. मूळचं नाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’, त्यामुळे त्याला फोडाफोडी करावीच लागली नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ साली, मिराई नावाच्या प्रोग्रामने याच मार्गाने जगभरातले कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते. ब्रिटनने तर एप्रिल २०२४ पासून सहज ओळखता येईल असा सामाईक मूळ पासवर्ड घालून घरगुती उपकरणं विकायला कायद्यानेच बंदी केली. आपल्याकडे ही काळजी घरच्यांनीच घ्यायची आहे.

वायफायचा पासवर्ड ही दुसरी गोष्ट. ॲडमिन पासवर्ड म्हणजे राऊटरचा कारभार, वायफायचा पासवर्ड म्हणजे नेट वापरण्याची मुभा. दोन्ही एकच ठेवले तर नेट वापरायला आलेला पाहुणा कारभारीही होतो. वायफायचा पासवर्ड किमान ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा असू शकतो. मोबाइल नंबर, जन्मतारीख, फ्लॅट नंबर टाळावेत. घरच्यांनाच सुचतील असे तीन-चार असंबद्ध शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून मध्ये अंक घातले, तर लक्षातही राहतात आणि फोडायलाही अवघड जातात.

उघडं वायफाय ठेवणाऱ्याला काय सोसावं लागतं, याचं उदाहरण नवी मुंबईतलंच आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तपास करणारे पोलीस त्या ईमेलच्या आयपी पत्त्यावरून सानपाड्यातल्या एका घरापर्यंत पोहोचले. तिथल्या वायफायला संरक्षण नव्हतं; अतिरेक्यांनी ते बाहेरून वापरलं होतं. घरात राहणाऱ्याला मात्र कसून चौकशीला सामोरं जावं लागलं. त्याच मालिकेतल्या पुढच्या ईमेलसाठी माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचं आणि चेंबूरमधल्या एका कंपनीचं वायफाय वापरलं गेलं. आयपी पत्ता जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे बोट दाखवतो. नेट प्रत्यक्षात कोण वापरत होतं, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून सुरक्षेच्या रकान्यात ‘ओपन’ किंवा ‘डब्ल्यूईपी’ कधीही निवडू नये. डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ यांची मिश्र निवड असेल तर ती घ्यावी; जुने फोन दोन नंबरवर चालतात, नवे तीन नंबरवर. डब्ल्यूपीएस नावाची सोय असते, तिचा पिन बंद करावा. पिन आठ अंकी दिसतो, पण शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरतो आणि राऊटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो. त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं होतं. ‘रिमोट मॅनेजमेंट’ म्हणजे बाहेरून राऊटर हाताळण्याची सोयही गरज नसेल तर बंदच बरी.

नाव ठेवताना लोक रमतात, आणि रमावं. मराठी नाव ठेवता येतं का? तांत्रिकदृष्ट्या येतं, पण वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना-मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे दहा चिन्हांत नाव संपवावं लागतं. शिवाय काही राऊटर देवनागरी स्वीकारत नाहीत आणि काही जुनी उपकरणं ती अक्षरं वेडीवाकडी दाखवतात. रोमन लिपीतलं मराठी नाव सगळीकडे चालतं. त्यात आडनाव किंवा फ्लॅट नंबर मात्र घालू नये. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते कळवण्याची गरज नाही. आणि जुना राऊटर काढून नवा लावत असाल, जुना पासवर्डही भक्कम असेल, तर नाव-पासवर्ड दोन्ही जुनेच द्यावेत. टीव्ही, प्रिंटर, आजोबांचा टॅब, सगळं आपोआप जोडलं जातं आणि संध्याकाळभर प्रत्येक उपकरणाला पासवर्ड भरवत बसावं लागत नाही.

नाव बदलून ‘सेव्ह’ दाबलं की फोनचा संपर्क तुटतो. घाबरू नये, जुन्या नावाचं नेटवर्कच आता उरलेलं नाही. नव्या नावाला नव्याने जोडावं.

पीपीपीओईची नावं भरली, तरीही नेट येत नाही, असंही होतं. अनेक नेटवाले जुन्या राऊटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा ओळखक्रमांक, आपल्याकडे नोंदवून ठेवतात आणि दुसऱ्या यंत्राला दारातच अडवतात. त्यांना फोन करून ‘मॅक रीसेट करा’ एवढं सांगितलं तरी पुरतं. नाहीतर राऊटरमधल्या ‘मॅक क्लोन’मध्ये जुना पत्ता टाकावा, तो जुन्या डब्याच्या लेबलवर असतो. तो डबा लगेच भंगारात न देण्याचं हे एक कारण.

नेट सुरू झालं की लगोलग फर्मवेअर, म्हणजे राऊटरच्या आतला प्रोग्राम, अपडेट करायचा आहे का ते पाहावं. कारखान्यातून निघून खोकं दुकानात येईपर्यंत कित्येक महिने गेलेले असतात आणि दरम्यान सापडलेल्या त्रुटींची डागडुजी त्या अपडेटमध्ये असते. अपडेट चालू असताना वीज गेली तर राऊटर कायमचा मुका होऊ शकतो, म्हणून भारनियमनाच्या वेळा सांभाळाव्यात. त्याच बैठकीत ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करावं. पाहुणे आणि सीसीटीव्ही, स्मार्ट बल्बसारखी उपकरणं त्यावर ठेवली की घरातल्या फोन-संगणकांपासून ती अलग राहतात.

राऊटर दोन लहरपट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंती बऱ्यापैकी ओलांडते, पण वेग कमी देते आणि सोसायटीतल्या प्रत्येक घराचा राऊटर तिच्यावर गर्दी करून असतो. मायक्रोवेव्हही तिथेच गोंधळ घालतो. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. टीव्ही आणि लॅपटॉप पाचवर, दूरच्या खोलीतला फोन २.४ च्या पट्टीवर, अशी वाटणी सोयीची. स्मार्ट बल्ब आणि प्लग बहुधा फक्त २.४ वरच चालतात. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल आणि बल्ब जोडला जात नसेल, तर तेवढ्यापुरती पाचची पट्टी बंद करून पाहावी. इमारतीत २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडावा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. मधला ३ किंवा ८ निवडणारा दोन्ही बाजूंच्या गर्दीत सापडतो.

जागेचा प्रश्न आपल्या घरांत खास बिकट असतो. फायबर आत येतो तो दाराशी किंवा गॅलरीत, आणि राऊटर तिथेच टांगला जातो. कोकणातल्या जांभ्याच्या भिंती, जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी दगडमातीच्या भिंती, वरच्या मजल्याचा सळयांचा स्लॅब, यांतून ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ पोहोचतच नाही. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा लहर परतवतात, पाण्याची टाकी ती शोषते. पाच-दहा मीटरची लॅन केबल आणून राऊटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवला तर महागडा राऊटर घेण्यापेक्षा अधिक फरक पडतो. टीव्हीच्या मागे किंवा कपाटात तो दडवू नये.

फरक पडला का, हेही फोनवरूनच मोजता येतं. वायफाय ॲनालायझर प्रकारचं एखादं मोफत ॲप अँड्रॉइडवर घेतलं की सिग्नल उणे आकड्यात दिसतो. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला अडखळतो. हे आकडे खोलीखोलीत जाऊन पाहावेत. पासवर्ड न सांगता पाहुण्यांना नेट द्यायचं तर अँड्रॉइड १० आणि पुढच्या फोनवर वायफायच्या सेटिंगमध्ये क्यूआर कोड मिळतो. त्यांनी तो कॅमेऱ्याने टिपला की झालं.

एका राऊटरने घर पुरत नसेल तर स्वस्त रिपीटरच्या वाटेला जाऊ नये. एकाच लहरीवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर वेग जवळपास निम्म्यावर आणतो. त्यापेक्षा जुन्या राऊटरला ‘ॲक्सेस पॉइंट मोड’वर टाकून केबलने नव्याला जोडावं. दुमजली घरात हा सगळ्यात कमी खर्चाचा आणि टिकाऊ मार्ग आहे. ओएनटीच्या पोटात राऊटर असेल आणि त्याच्यापुढे दुसरा लावला असेल, तर तिथेही हाच मोड उपयोगी पडतो; नाहीतर एका घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात, आणि एकावरच्या फोनला दुसऱ्यावरचा प्रिंटर दिसत नाही.

वीज जाणाऱ्या गावांत राऊटरसाठी छोटा यूपीएस घेतात, ते योग्यच. फक्त ओएनटी आणि राऊटर दोन्ही त्यावर हवेत. एकच चालू राहिला तर उपयोग नाही. दोन्हींच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते पाहूनच वायर लावावी. पुष्कळ डबे १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ व्होल्टचेही, आणि पिन सारखीच बसते म्हणून चुकीची वायर लावली तर राऊटर जळतो.

नेट बंद पडलं की लोक सवयीने टाचणी घेऊन रीसेटचं भोक दाबतात. तसं करू नये. त्या दाबण्याने पीपीपीओईची नावं, पासवर्ड, सगळं पुसलं जातं आणि आधी एक अडचण होती तिथे दोन होतात. आधी ओएनटीवरचा ‘एलओएस’ दिवा पाहावा. तो लाल असेल तर बहुधा बाहेर कुठेतरी फायबर तुटला आहे. पावसाळ्यात झाड पडून किंवा रस्ता खोदताना हे नेहमी घडतं. अशा वेळी घरातल्या राऊटरला हात न लावता कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. लाल नसेल तर दोन्ही डब्यांची वीज बंद करून मिनिटभराने आधी ओएनटी आणि त्याचे दिवे स्थिर झाल्यावर राऊटर चालू करावा. त्यानेही नेट आलं नाही, तर ॲपमध्ये जाऊन राऊटरला बाहेरचा आयपी पत्ता मिळाला आहे का ते पाहावं. तिथे सगळे शून्य दिसत असतील, तर नेटवाल्याला फोनवर तेवढंच सांगावं. दोष कोणत्या बाजूला शोधायचा, हे त्याला त्यावरून कळतं.